गंज, बाबा आणि माझा पॅच

गेल्या दिवाळीत रत्नागिरीला गेलो तेव्हा बाबांच्या मारुती ८०० च्या दाराखाली रंगाला वाटाण्याएवढा फुगा आला होता. मी वरचा पापुद्रा नखाने काढला आणि पांढरा स्प्रे मारून मोकळा झालो. पाच मिनिटांत काम फत्ते! बाबा नुसते बघत होते.

मे महिन्यात परत गेलो तर फुगा तळहाताएवढा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोड, दुसरं काय? बग तसाच ठेवून वरून पॅच! रंगाखाली गंज उरला की तो आतल्या आत पसरतो. लोखंड, पाणी आणि हवा एवढं त्याला पुरतं. त्यात समुद्राची खारी हवा म्हणजे बघायलाच नको.

"भंगारात देऊन टाकू," बाबा म्हणाले. नजर कमी झाल्यापासून ते गाडी चालवत नाहीत, पण रोज सकाळी पुसतात. मला ते ऐकवेना.

मग शनिवारी बसलो. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं. आरपार गेला असता तर पत्रा कापून वेल्डिंग, म्हणजे गॅरेजच गाठायचं होतं. सुदैवाने पत्रा शाबूत होता. धुऊन कोरडं केलं, भोवती मास्किंग टेप लावली आणि तोंडाला मास्क बांधून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं. बारीक खड्ड्यांतला गंज निघेना, तिथे फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावलं. मग कडा ३२० ने गुळगुळीत केल्या, थिनरने पुसलं आणि लगेच प्रायमर. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, दमट हवेत सकाळपर्यंत परत तांबूस होतो! रविवारी रंगाचे आणि वर क्लिअर कोटचे पातळ हात. एक जाड हात दिला की ओघळ आलेच.

पण खरा बग वेगळाच होता. काचेच्या रबरातून दारात उतरणारं पाणी खालच्या भोकांतून निघून जायला हवं. ती भोकं मातीने बुजली होती. तारेने मोकळी केली तर चहाच्या कपभर घाण पाणी निघालं.

तेव्हा मंडळी, पावसाळ्याआधी ही भोकं बघा, पायाखालची ओली मॅट वाळवा, टवका उडाला तर लगेच टचअप करा आणि ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका.

बाबांनी दारावरून हात फिरवला. म्हणाले, "रंग जरा वेगळा दिसतोय."

भंगाराचा विषय मात्र परत निघालेला नाही!