संहितेबाहेरचे अश्रू

बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांचा ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ १९७२ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कच्या महोत्सवात दाखवला गेला. पॉलीन केल यांनी त्या रात्रीची तुलना स्त्राविन्स्कीच्या १९१३ मधील वादळी प्रयोगाशी केली. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली त्याच चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. एका बाजूला कलेची स्वायत्तता, दुसऱ्या बाजूला अश्लीलता असा हा वाद दीर्घकाळ रंगला. ज्या नटीच्या देहावर तो चालला होता तिच्या संमतीचा प्रश्न मात्र कोणत्याच पक्षाच्या युक्तिवादात महत्त्वाचा नव्हता.

चित्रीकरणाच्या वेळी मारिया श्नायडर एकोणीस वर्षांच्या होत्या, मार्लन ब्रँडो सत्तेचाळीसचे. बलात्काराच्या दृश्यात लोणी वापरण्याची कल्पना दिग्दर्शक आणि नायक यांनी त्याच दिवशी सकाळी ठरवली. नायिकेला ती आधी सांगितली गेली नाही. कृत्य अभिनीतच होते, पण आपले अश्रू खरे होते, असे श्नायडर यांनी २००७ मध्ये सांगितले. संहितेत नसलेले काही करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, हे त्या वयात त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला अभिनेत्रीची नव्हे, एका मुलीची प्रतिक्रिया हवी होती, असे बेर्तोलुच्ची २०१३ मध्ये म्हणाले; अपराधी वाटते, पण पश्चात्ताप नाही, असेही. हिंसा संहितेत होतीच, नवे होते ते केवळ लोणी, हा खुलासा त्यांनी २०१६ मध्ये केला. खुलासा मान्य केला तरी मूळ विधान पुसले जात नाही.

ते विधान केवळ नैतिक गुन्ह्याची कबुली म्हणून वाचणे अपुरे ठरेल. त्यात अभिनयाविषयीचा एक सिद्धान्त दडलेला आहे: नटीने निर्माण केलेल्या अपमानापेक्षा तिला प्रत्यक्ष भोगायला लावलेला अपमान कलादृष्ट्या अधिक सत्य असतो. अभिनवगुप्ताच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा सिद्धान्त चमत्कारिक वाटावा. लौकिक शोक हा शोकच. त्याचा करुण रस होण्यासाठी तो व्यक्तीच्या कचाट्यातून सुटावा लागतो. जिथे रडणारी स्त्री खरोखरच फसवली गेली आहे, तिथे प्रेक्षक रसिक उरत नाही, तो बघ्या होतो. तलवारबाजीच्या दृश्यात खऱ्या रक्ताची मागणी कोणी करत नाही, हेही इथे आठवावे.

रंगभूमीवर अशी फसवणूक तांत्रिकदृष्ट्याच अवघड आहे, कारण ती एकदाच साधते आणि प्रयोग तर उद्याही करायचा असतो. त्याच १९७२ साली आलेल्या ‘सखाराम बाइंडर’वरही अश्लीलतेच्या मुद्द्यावर न्यायालयीन लढाई झाली. पण लालन सारंग यांना चंपाची बेफिकिरी आणि तिची दारू प्रयोगामागून प्रयोग नव्याने उभी करावी लागे. ती तालमीत कमावल्याशिवाय टिकणारी नव्हती. कॅमेऱ्याने अवचित टिपलेला धक्का तिथे निरुपयोगी ठरला असता. म्हणून रंगभूमी निर्दोष असते असे नव्हे. तिथे फसवणुकीची जागा पुष्कळदा गुरुत्वाचा दबाव घेतो, आणि ‘निष्ठा’ या शब्दाखाली नटाचा नकार गाडला जातो. तो प्रकार अधिक सभ्य दिसतो, इतकेच.

अलीकडे जवळिकीच्या दृश्यांसाठी समन्वयक नेमले जातात. एचबीओने २०१८ पासून ही पद्धत स्वीकारली. त्यामुळे उत्स्फूर्तता मरते, अशी तक्रार ऐकू येते. आलापातली जागा ठाऊक असल्याने गवयाची उत्स्फूर्तता मरते काय? पॅरिसच्या सिनेमातेकने डिसेंबर २०२४ मध्ये निषेधानंतर ‘टँगो’चे प्रदर्शन रद्द केले. पण तेवढ्याने समीक्षेची सुटका होत नाही. त्या दृश्यातल्या ‘सत्या’ची वाखाणणी तिनेच केली होती. आता तिला ते दृश्य कोणाच्या कौशल्याच्या खाती मांडायचे, हे पुन्हा ठरवावे लागेल.

श्नायडर यांचे स्वतःचे कौशल्य पाहायचे तर अंतोनिओनींचा ‘द पॅसेंजर’ (१९७५) आहे. तिथे त्या फार थोडे करतात, आणि जे करतात ते त्यांचे असते. २०११ साली त्या गेल्या तेव्हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत नाव होते ते ‘टँगो’चेच.