पुस्तकावर स्वतःचे नाव नसलेली लेखिका

१/ १९०० साली ‘द राँग्स ऑफ इंडियन वुमनहुड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बालविवाह व वैधव्य यांत पिचलेल्या स्त्रियांची ती कैफियत. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. लेखिका ‘मिसेस मार्कस बी. फुलर’. म्हणजे नाव पतीचेच!

२/ या अमेरिकन मिशनरी बाईंचे स्वतःचे नाव जेनी. धर्मश्रद्धेपोटी मायदेश सोडून त्या हिंदुस्थानात आल्या; वऱ्हाडातील अकोला ही त्यांची कर्मभूमी झाली. पुस्तक निघाले त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

३/ पुढे हेलन डायर यांनी त्यांच्या आठवणींचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकात त्या ‘अकोला व मुंबईच्या मिसेस जेनी फुलर’ आहेत. आडनाव पतीचेच राहिले. पण ‘जेनी’ परतली, आणि तिच्यासोबत अकोलाही.