बासरी डाव्या बाजूला

बहुतेक शाळांत बँडपथक असते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की ते जागे होते. ड्रम वाजवायला सगळेच पुढे येतात. बासरीकडे मात्र थोडीच मुले वळतात. पहिले काही दिवस कितीही फुंकले तरी नुसती हवाच निघते आणि डोके गरगरते! आमच्या शाळेत बँडचे काम माझ्याकडे आहे, म्हणून हे मी दरवर्षी पाहतो.

इकबालांच्या 'तराना-ए-हिंदी'ची चाल आमची मुले वाजवतात. आज सर्वत्र ऐकू येणारी ही चाल पंडित रविशंकर यांनी १९४५ मध्ये बांधली. रविशंकर हे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शागिर्द. उस्तादांचे हे नाव लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाला बासरीचा फार नाद लागला. सिनेमाचे कोणतेही गाणे एकदोनदा ऐकले की तो वाजवून दाखवी. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. एके दिवशी ते शाळेत आले आणि म्हणाले, "सर, पोरगा रात्रंदिवस बासरी घेऊन बसतो. यात पोट भरतं का?"

लगेच 'हो' म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. मी त्यांना हरिप्रसाद चौरसिया यांची हकीकत सांगितली. त्यांचा जन्म १९३८ मध्ये अलाहाबादला झाला. वडील पहिलवान. मुलानेही आखाड्यात नाव काढावे, ही त्यांची इच्छा. मुलगा कुस्तीही शिकला आणि चोरून संगीतही शिकला. पुढे पंडित भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे त्याने बासरीचे धडे घेतले. १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणी केंद्रावर त्याला बासरीवादकाची नोकरी मिळाली. "म्हणजे पगार होता!" मुलाचे वडील मध्येच म्हणाले. होता, आणि पुढे मुंबईला आल्यावर सिनेमाच्या गाण्यांतही त्यांची बासरी वाजू लागली.

खरी गोष्ट यानंतरची आहे. पैसा आणि नाव मिळत असताना चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. अन्नपूर्णादेवी या अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या. त्या सूरबहार वाजवीत. त्यांनी सहजासहजी होकार दिला नाही. आधीचे सारे विसरून पहिल्यापासून सुरुवात करायची तयारी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा चौरसियांनी एक विलक्षण निर्णय घेतला. आतापर्यंत बासरी ते उजव्या बाजूला धरीत. ती त्यांनी डाव्या बाजूला धरली. सवयीची बोटे एका दिवसात अडाणी झाली. आकाशवाणीवर वाजवणारा कलावंत पुन्हा सा, रे, ग, म गिरवू लागला. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी बासरी डावीकडेच धरली.

माझा विद्यार्थी शेजारी उभा राहून हे ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. बांबूची मोठी बासरी आणि बँडची छोटी बासरी यांत किती अंतर आहे, ते त्याला तेव्हा कळले असावे. बँडमध्ये सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच लयीत वाजवले की काम भागते. बांबूच्या बासरीवर कोमल स्वर काढायचा तर बोटाने छिद्र अर्धेच झाकावे लागते. ते 'अर्धे' म्हणजे नेमके किती, हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. ते कानाने ठरवायचे, आणि कान रियाजानेच तयार होतो.

"सर, मला उजवीकडूनच शिकलं तर चालेल ना?" त्याने विचारले. आम्ही सगळे हसलो. वडिलांनी दहावीचा अभ्यास सांभाळण्याची अट घातली आणि रोज एक तास रियाजाला मोकळा दिला.

अन्नपूर्णादेवी बासरी वाजवीत नसत. शिष्याला राग शिकवायचा तर त्या गाऊन दाखवीत, आणि शिष्य तो बासरीत उतरवी. पुढे शिष्य स्वतः गुरू झाला. हॉलंडमधील रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात चौरसियांनी शिकवले. मुंबईत आणि नंतर भुवनेश्वरला त्यांनी वृंदावन गुरुकुल उभे केले. अल्लाउद्दीन खाँ यांच्या घरातले सूर तिथे नव्या मुलांना मिळाले, आणि त्यांतली पुष्कळ मुले बासरी उजवीकडे धरणारी होती.