बोटीवरचं जेवण आणि आजीचे बूट

"गो बाय, थंय जेवताना काय नेसतत?"

आजीनं हा प्रश्न विचारला तेव्हा ती ओटीवर तांदूळ निवडत होती आणि मी तिसरीच्या वह्या तपासत होते. 'थंय' म्हणजे बोटीवर. तीही साधीसुधी बोट नव्हे, तर क्रूझ! पोहण्याचा तलाव, नाटकाचं थिएटर, लिफ्ट, सगळं पोटात घेऊन समुद्रावर डुलत जाणारी अकरा-बारा मजल्यांची इमारतच म्हणा ना.

माझा धाकटा भाऊ अशा एका बोटीवर वेटर आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कधी कधी सवलतीत तिकीट मिळतं. २०२२ च्या डिसेंबरात त्यानं दोन तिकिटं काढली. मुंबईहून निघायचं, गोव्याला जायचं, परत मुंबईला यायचं. तीन रात्री. गुरांमुळे आईला घर सोडता येईना, म्हणून मी आणि आजी जायचं ठरलं. आजीचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. कमरेत जरा वाकलेली, पण चालायला माझ्यापेक्षा चटपटीत.

तिकिटाबरोबर एक पत्रक आलं होतं, इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं की खालच्या मोठ्या हॉलमध्ये रात्रीच्या जेवणाला येताना पहिल्या आणि शेवटच्या रात्री 'स्मार्ट कॅज्युअल' आणि मधल्या रात्री 'फॉर्मल' कपडे घालावेत. हाफ पँट नको, पोहण्याचे कपडे नकोत आणि 'स्लिपर्स' नकोत. वरच्या डेकवर बुफे होता. तिथे काहीही घालून गेलं तरी चाललं असतं. पण माझा भाऊ वाढायला खालच्या हॉलमध्ये असणार होता, आणि आजीला जेवायचं होतं ते नातवाच्या हातचं.

आता हे 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे काय? साध्या भाषेत सांगायचं तर शेजारच्या घरी बारशाला जाताना आपण घालतो तसे कपडे. स्वच्छ, इस्त्रीचे, पण लग्नातले नव्हेत. पुरुषांनी कॉलरचा शर्ट नि पूर्ण पँट घातली की झालं. 'फॉर्मल'चा मामला मात्र मोठा. काळा कोट, पांढरा शुभ्र शर्ट, गळ्याशी फुलपाखरासारखा बो आणि बायकांचे पायघोळ झगे. काही बोटींवर अजूनही अशा खास रात्री असतात.

ही रीत जुन्या काळच्या मोठ्या बोटींपासून आली. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर जेवणाची वेळ झाली की बिगूल वाजायचा. पहिल्या वर्गातली मंडळी कपडे बदलून, नटूनथटून खाली उतरायची. तिसऱ्या वर्गातल्या लोकांना ही कटकटच नव्हती. त्यांचं मुख्य जेवण दुपारीच होई, आणि संध्याकाळी 'चहा' नावाचं हलकं खाणं.

त्या काळच्या बोटींवर आणखी एक मजेदार नियम होता. पहिल्या आणि शेवटच्या रात्री नटायचं नाही! कारण अगदी घरगुती आहे. पहिल्या दिवशी ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या दिवशी त्या बांधून झालेल्या असत. ट्रंकांवर चिठ्ठ्याही लावत, 'प्रवासात लागेल' आणि 'प्रवासात लागणार नाही' अशा. दुसऱ्या प्रकारची ट्रंक थेट बोटीच्या पोटात जाई. आमच्या पत्रकात 'फॉर्मल' रात्र मधोमध का होती, ते मला हे वाचल्यावर कळलं.

आणि त्या साहेबी पोशाखात कमरेला जो रुंद रेशमी पट्टा बांधतात ना, त्याचं इंग्रजी नाव आहे 'कमरबंड'. म्हणजे आपला कमरबंदच की! मूळ शब्द फारसी. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आले, त्यांनी इथल्या लोकांच्या कमरेचा पट्टा पाहिला आणि उचलला. तांबड्या समुद्रातून जाताना भयंकर उकडायचं, तेव्हा कोट काढून नुसता शर्ट नि कमरबंद घालून जेवायला बसायची मुभा असे. त्या पोशाखाला 'रेड सी रिग' असं नावच पडलं.

बोटीवर जेवायला जायची धास्ती एका फार मोठ्या माणसानंही घेतली होती, बरं का. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर व्हायला मुंबईहून बोटीनं निघाला. बोटीचं नाव 'क्लाईड'. त्याला काटे-चमचे धरता येत नव्हते. ताटातलं काय मांसाचं आहे नि काय नाही, हे विचारायचंही धाडस होत नव्हतं. म्हणून तो जेवणाच्या टेबलावर जातच नसे. घरून नेलेली मिठाई नि फळं खोलीत बसून खाई. बोटीवर तो काळा सूट घालायचा आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यानं खास उतरताना घालायला राखून ठेवला होता. सप्टेंबर संपत आलेला, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरून बघतो तर काय, पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच! बाकीचं सामान दुसऱ्यांच्या हवाली केलेलं, त्यामुळे लगेच कपडे बदलायचीही सोय नाही. आत्मकथेत त्यांनी हे सगळं मोकळेपणानं लिहिलंय.

मी वर्गात मुलांना ही गोष्ट सांगितली. मुलं हसली. मीही हसले. आणि त्याच शनिवारी कुडाळच्या बाजारात जाऊन आजीसाठी बूट घेऊन आले.

हो, बूट. काळे, बंद, चकचकीत. कारण आजीच्या पायात जन्मभर सपाता. सपाता म्हणजे आमच्याकडे चपला. आणि पत्रकात तर लिहिलेलं, 'स्लिपर्स' नकोत! शिवाय आजी नेसते नऊवारी लुगडं, काष्टा घालून. 'फॉर्मल'मध्ये लुगडं कसं चालेल? मी माझी रेशमी पाचवारी तिच्यासाठी काढून ठेवली.

आजीनं बूट हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. "ह्यां माका?" एवढंच म्हणाली.

खरं सांगू का मुलांनो? मला भीती नियमाची होतीच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती ती लोकांच्या नजरांची. हॉलमध्ये सगळे माझ्या आजीच्या भेगा पडलेल्या टाचांकडे बघतील, भावाचे साहेब बघतील, आणि भावाला खाली मान घालावी लागेल. आजीला मी यातलं काही बोलले नाही. नियम आहे, एवढंच सांगितलं.

मुंबईत बोट पाहून आजी थक्क होईल असं मला वाटलं होतं. ती नुसती वर बघून म्हणाली, "पडाव खंय असा?" लग्नानंतर ती वेंगुर्ल्याहून मुंबईला कोकण बोटीनं गेली होती. तेव्हा आगबोट दूर उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागायचं. लाटांनी निम्मं लुगडं भिजायचं. डेकवर वळकटी पसरायची, भाकरी नि सुक्या सुंगटांची किसमूर सोडायची, शेजारच्या कुटुंबाला अर्धी द्यायची. जेवायला काय नेसायचं हा प्रश्नच नव्हता. जे अंगावर वाळत असेल ते!

पहिल्या रात्री मी आजीला पाचवारी नेसवली, पिना टोचल्या, पायात बूट चढवले. आमच्या खोलीपासून हॉलपर्यंतचा रस्ता तो केवढा, पण आजी तीनदा थांबली. निऱ्या पायात येत होत्या. बूट चावत होते. बोट अगदी हलकीशी डुलत होती, तरी तिनं माझा दंड घट्ट धरला होता. पडावातून आगबोटीवर उडी मारणारी माझी आजी गालिच्यावर चाचपडत चालली होती!

हॉलच्या आत तीन पायऱ्या उतरायच्या होत्या. दुसऱ्या पायरीवर बुटाचा नवा तळवा सटकला. मी धरलं म्हणून पडली नाही, पण गुडघा कठड्यावर चांगलाच आपटला.

भाऊ हातातलं तबक खाली ठेवून धावत आला. काळी पँट, पांढरा शर्ट, काळं जाकीट. त्यानं आजीला खुर्चीवर बसवलं आणि सरळ तिच्या पायाशी गुडघे टेकून बूट काढले. दोन्ही टाचांना फोड आले होते. एक फुटलाही होता.

"आजये, तुका बूट घालूक कोणी सांगल्यान?"

"ह्या मास्तरणीन," आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं.

भाऊ माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ताई, स्लिपर म्हणजे रबरी. तलावावरून ओलेच्या ओले येतात ना लोक, त्यांच्यासाठी तो नियम. फरशी ओली झाली की आम्ही तबकं घेऊन घसरतो. आजीच्या सपातांचा काय संबंध? आणि लुगडं का नाही नेसवलंस? मागच्या पानावर लिहिलंय की."

मागचं पान!

खोलीत परत येऊन मी पत्रक उलटलं. खरंच लिहिलं होतं, 'फॉर्मल' रात्री आपापल्या देशाचा, प्रांताचा पारंपरिक पोशाख आनंदानं चालेल. अशी सूट इतरही कितीतरी बोटींवर असते, हे भावानं मागाहून सांगितलं. दर चाचणीच्या वेळी मी वर्गात ओरडते, "पान उलटा रे, मागे पण प्रश्न आहेत!" आणि मीच पान उलटलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागेना. गांधीजींच्या फ्लॅनेलच्या सुटाची गोष्ट मी मुलांना अर्धीच सांगितली होती. तेच गांधी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी पुन्हा बोटीनं इंग्लंडला गेले. बोटीचं नाव 'राजपुताना'. तोवर पंचा नेसायला लागून त्यांना दहा वर्षं होत आली होती. बोटीवरचे त्यांचे फोटो आहेत, पंचा नि अंगावर चादर. त्याच वेषात ते पुढे लंडनला राजाच्या राजवाड्यातही जाऊन आले. हे मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

दुसऱ्या रात्री, 'फॉर्मल'च्या रात्री, आजी स्वतःच तयार झाली. हिरवं लुगडं, कानात कुड्या, आणि टाचेला पट्टी लावून पायात सपाता. मी निऱ्यांना हात लावायला गेले तर म्हणाली, "रवांदे, माका येता." हॉलमध्ये काळे कोट होते, झगे होते, पंजाबी ड्रेस होते, एक आजोबा धोतर-कोटात होते. आमच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका छोट्या मुलीनं तेवढं विचारलं, "आजी, तुमची साडी पँटसारखी कशी?" मग आजीनं तिला काष्टा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, निम्मं मालवणीत. मुलीला किती कळलं कोण जाणे, पण ती आमच्याच टेबलाशी बराच वेळ उभी राहिली.

भाऊ वाढत होता. सूप, मग भात-आमटी, मग आणखी काय काय. आजीचं लक्ष ताटात नव्हतं. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

"तू जेवलंस?"

"साडेधाक. खाली, आमच्या मेसात."

"तंवसर उभो?"

"होय."

"ह्या बुटात?"

तो हसला आणि ताट उचलून गेला. त्याला आमच्याबरोबर बसायची परवानगी नव्हती. नातेवाईक असले तरी कामाच्या वेळी बसायचं नाही, हा नियम. पूर्वी पी. अँड ओ. कंपनीच्या मोठ्या बोटींवर जेवणाच्या हॉलमध्ये वाढायला गोव्याची माणसं असत आणि डेकवर राबणारे खलाशी बरेचदा आपल्या रत्नागिरीकडचे. जेवायला कोट घालावा की झगा, याबद्दल खूप लिहिलेलं सापडतं. त्या वाढणाऱ्यांच्या पायांबद्दल मला कुठे वाचायला मिळालं नाही.

भाऊ परत आला तेव्हा आजीनं त्याच्या छातीवरची पट्टी दाखवून मला विचारलं, "काय लिवलाहा?"

"नाव. आणि खाली इंडिया."

"गावाचां नाव?"

"नाही."

आजीनं जरा वेळ विचार केला. मग थाळीतला लिंबाचा तुकडा भातावर पिळत म्हणाली, "गाव रवता तो रवतोच."

तिसऱ्या रात्री भावाची सुट्टी साडेदहाला झाल्यावर आम्ही तिघं थोडा वेळ डेकवर उभे राहिलो. आजीनं पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि त्याला तिथंच खाली बसवलं. तो "आजये, कोण बघतला" म्हणत राहिला, पण बूट-मोजे काढलेच. त्याच्याही टाचांना घट्टे पडले होते, जुने, कडक.

ते कुडाळचे बूट अजून आमच्या माळ्यावर खोक्यात आहेत. मी ते कुणाला तरी देऊन टाकू म्हणते. दिवाळीच्या साफसफाईत खोकं खाली येतं, आजी उघडून बघते, फडक्यानं पुसते आणि पुन्हा वर ठेवायला लावते.