काळ्या मातीवरचं एन्झाइम

आमचं वावर मानोरा तालुक्यात, वाशीम जिल्ह्याच्या यवतमाळकडच्या बाजूला. उन्हाळ्यात तिथल्या काळ्या मातीला पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात. ही करामत स्मेक्टाइट गटातल्या खनिजांची, हे मला एम.एस्सी. करताना कळलं. त्यांचे थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे. पाणी मिळालं की ते एकमेकांपासून सरकतात आणि माती फुगते.

या थरांना एन्झाइमही चिकटतात. युरिया फोडणारं युरिएज, ते बनवणारा सूक्ष्मजीव मेल्यावरही मातीच्या आधारानं टिकून राहतं. मोकळं एन्झाइम लवकर खराब होतं, खनिजावर बसलेलं जास्त तग धरतं. बायोसेन्सर बनवणाऱ्यांनी हेच उचललं: शुद्ध केलेली चिकणमाती, कधी सोबत सोन्याचे नॅनोकण, आणि त्यावर एन्झाइम.

त्यातल्या अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजवर माझं लक्ष खिळलं. नसेचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसून टाकायचं काम ते आपल्या शरीरात करतं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक नेमकं त्यालाच बंद पाडतं. मग घाम, लाळ, अंधारी, कोंडणारा श्वास. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास माणसं गेली. आमचे काका फवारून आले की म्हणायचे, "काही नाही, ऊन लागलं." आमच्याकडे कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतात. औषधानं माणूस आजारी पडतो, हे पटायला वेळ लागतो.

सेन्सरच्या पट्टीवर एन्झाइम नीट चालू असेल तर ठरावीक वीजप्रवाह मिळतो. नमुन्यात विष असेल तर एन्झाइम मंदावतं, प्रवाह घटतो. म्हणजे जे काकांच्या शरीरात बंद पडणार, ते आधी पट्टीवर बंद पडतं.

अर्थात, ही पट्टी मुख्यतः ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांसाठी. ती गप्प राहिली म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. आणि आमच्या गावच्या कृषी केंद्रात अशी पट्टी मी अजून पाहिलेली नाही. किती सूक्ष्म विष ओळखलं याचे आकडे शोधनिबंधांत छापून येतात. मला मात्र आणखी एक आकडा हवाय: भर मे महिन्यात, कृषी केंद्राच्या तापलेल्या पत्र्याखाली ती पट्टी किती दिवस टिकते?