पुठ्ठ्याची खिडकी

वहीच्या मागचा जाड पुठ्ठा आणि त्यात ब्लेडनं कापलेला सहा इंच लांब, चार इंच रुंद आयत. रेखाकलेच्या एलिमेंट्री परीक्षेची तयारी चालली होती, तेव्हा साताऱ्यात आमच्या चित्रकलेच्या सरांनी वर्गातल्या प्रत्येकाकडून ही खिडकी करून घेतली. एक डोळा मिटायचा, तिच्यातून बघायचं आणि दिसेल तेवढंच कागदावर उतरवायचं. शाळेच्या मैदानातून अजिंक्यतारा दिसायचा. खिडकी डोळ्याशी धरली की किल्ला, खालची घरं, वरचं आभाळ सगळं तिच्यात मावायचं. हात लांब केला की एखादाच बुरूज आणि त्यावरचं झुडूप उरायचं. पुढं लेन्सचे मिलिमीटरचे आकडे शिकायची वेळ आली तेव्हा ते मला अवघड गेले नाहीत. वाइड आणि टेलिफोटोतला फरक माझ्या कोपरानं आधीच शिकून ठेवला होता.

सरांचं एक वाक्य कायमचं होतं, ‘आधी कडा बघा, मधलं नंतर.’ मधलं आपल्याला दिसतंच, नजर तिकडंच धावते. कडेची अर्धी तुटलेली फांदी, कुणाचा तरी नुसता खांदा, आडवी गेलेली विजेची तार हे सगळं डोळा गाळून टाकतो. कॅमेरा काहीच गाळत नाही. छायाचित्राच्या रचनेचे म्हणून जेवढे नियम शिकवले जातात, ते सगळे या चार कडांशी वस्तूचं काय नातं आहे याबद्दलचे आहेत, असं मी आज ठामपणे म्हणतो.

आमच्या काकांकडं आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० चा रोल, त्यात बारा फोटो आणि तेही चौरस. चौरसाला लांब बाजू नसते. नजर मध्याकडं ओढली जाते आणि आयतात साधलेलं डावं-उजवं तिथं जमतंच असं नाही. शिवाय त्या कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी आणि लेन्स वेगळी. माणूस जवळ आलं की काचेत दिसतं एक, फिल्मवर उमटतं दुसरं. जुन्या घरगुती अल्बमांत इतकी डोकी कापलेली का असतात, त्याचं हे एक कारण. काका म्हणूनच डोक्यावर भरपूर जागा सोडायला सांगत. सण, बारसं, जत्रा सगळं त्या बारांत बसवायचं असल्यानं बटण दाबण्याआधी मागच्या दोरीवरचे कपडे काढले जात, माणसं नीट सरकवली जात. रोल महाग होता म्हणून ही शिस्त आली, पण आली ती पक्की.

सातारकराला क्षितिज आयतं मिळतं. यवतेश्वर घ्या, जरंडेश्वर घ्या, बहुतेक डोंगरांची माथी सपाट. चार भिंतीच्या टेकडीवर उभं राहिलं की शहराच्या पलीकडं आडव्या रेघाच रेघा. ही रेघ चौकटीत कुठं ठेवायची, हा नवशिक्याचा पहिला खरा प्रश्न. बरोबर मध्यावर ठेवली तर चित्राचे दोन तुकडे होतात आणि कुठला महत्त्वाचा ते कळत नाही. दोन आडव्या, दोन उभ्या रेघांनी चौकटीचे नऊ भाग करा आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेघांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर आणा, असा जो तृतीयांशाचा नियम आज प्रत्येक फोनच्या ग्रिडमध्ये आहे, तो फोटोग्राफीपेक्षा जुना आहे. लंडनचे चित्रकार-खोदकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ च्या आपल्या पुस्तकात निसर्गचित्रासाठी तो मांडला. क्षितिजाची रेघ वर की खाली, याचा निकाल आमच्याकडं ऋतू लावतो. श्रावणात ढग डोंगरावर टेकलेले असतात, तेव्हा दोन भाग आभाळाला द्यावेत. वैशाखात आभाळ पांढरं, कोरं. त्याला वरची पट्टी पुरे, बाकी सगळं जमिनीचं. मेणवलीच्या घाटावर कृष्णा संथ असताना पाण्यात घाटाचं प्रतिबिंब पडतं, तिथं मात्र रेघ मध्यावरच हवी. नियम मोडायचा तो असा, कारण सांगता आलं पाहिजे.

सरांनी एकदा आम्हाला औंधला नेलं. तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उभं राहिलेलं त्यांचं संग्रहालय म्हणजे साताऱ्याच्या मुलांसाठी रचनेची मोठी शाळा आहे. तिथल्या चित्रांसमोर आम्ही खिडक्या धरून एकेक कोपरा झाकत गेलो. एखादी कडेची, बिनमहत्त्वाची वाटणारी समई झाकली की सगळं चित्र एका अंगाला कलल्यासारखं वाटायचं. वजन म्हणजे काय, ते मला तिथं समजलं.

पुढं हातात रिफ्लेक्स कॅमेरा आला आणि आषाढी वारीत लोणंदच्या पुढं, चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण टिपायला जाऊ लागलो. नवखी मुलं धावत्या घोड्याच्या मागं कॅमेरा फिरवतात आणि घोडा चौकटीच्या पुढच्या कडेवर आदळल्यासारखा दिसतो. धावणाऱ्याच्या पुढं जागा हवी. पण इथं आणखी एक जागा लागते. माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या, अश्वावर स्वार नसतो, माउली त्यावर आरूढ आहेत ही वारकऱ्यांची श्रद्धा. तेव्हा खोगिराच्या वरची जागा रिकामी दिसली, तरी ती रिकामी नाही. घोड्याच्या पाठीशी वरची कड टेकवली, तर रिंगणाचा अर्थच कापला जातो. मी शिकवतो त्या मुलांना हे आवर्जून सांगतो, कारण कुठल्याही परदेशी पुस्तकात हे सापडणार नाही.

कडा खरं-खोटंही ठरवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. नुसत्या पाण्याचे फोटो ढिगानं निघाले. त्यांतून काही कळत नव्हतं, कारण गढूळ पाणी गुडघाभर असो की दोन पुरुष, दिसतं सारखंच. दुकानाच्या पाटीची फक्त वरची ओळ, खांबावरचा दिवा, गॅलरीत उभं राहिलेलं माणूस असं मापाचं काही चौकटीत आलं की पूर समजला. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत काढलेल्या छायाचित्रांत भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा दाखवणारी माणसं आहेत. माणूस शेजारी आहे म्हणून त्या खुणा किती उंचीवर लागल्या ते दिसतं, आणि अंगावर काटा येतो.

आता मुलांकडं फोन असतो, बारा फोटोंची अडचण नाही. मी त्यांना साताऱ्याजवळच्या लिंब गावी नेतो. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेली तिथली बारामोटेची विहीर अष्टकोनी आहे. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. पायऱ्या उतरू लागलं की दोन्ही बाजूंच्या भिंती नजरेला पुढच्या कमानीकडं ओढत नेतात. नजर नेणाऱ्या रेघा म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कुठं दिसणार? पायरीच्या बरोबर मधे उभं राहायचं. हातभर बाजूला सरकलं तरी कमान कलते. आत गेल्यावर काळोखी कमान स्वतःच चौकट होते आणि पलीकडची उजेडातली भिंत तिच्यात बसते. तिथं फोनच्या पडद्यावर उजेडाच्या भागावर बोट ठेवलं नाही, तर भिंत पांढरीफटक निघते. खोली मात्र नुसत्या विहिरीच्या फोटोत कधीच येत नाही. वर काठाच्या मागं एखाद्याला उभं करावं लागतं, सुरक्षित अंतर राखून. झूम वापरू देत नाही. पाय कशाला दिलेत? बसा, वाका, दोन पायऱ्या मागं जा.

कासला हाच पाय आवरावा लागतो. गेंदाचं इवलं फूल त्याच्या उंचीवरून टिपावं, हे खरं. पण त्यासाठी वाट सोडून पठारावर पालथं पडणारा छायाचित्रकार दहा फुलं मोडून एकाचा फोटो आणतो, आणि असा फोटो मी कौतुकानं बघत नाही. वाटेच्या कडेला राहून जे मिळेल, त्यातून रचना करावी.

चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. रेखाकला परीक्षेच्या तयारीतली एक सकाळ वर्गाला लिंबला किंवा औंधला न्या. पहिला अर्धा तास फोन दप्तरातच राहू द्या. नंतर प्रत्येकाला एकच फोटो काढायला सांगा, आणि तो दाखवताना चारही कडांवर काय आहे ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या.