सुरतेची ‘विलायती’ सायकल

सुरत म्हटले की महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यास १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आठवते आणि परतताना घारीचा डबा हवा असतो. या दोहोंमधली सुरत पाहावयाची असेल, तर उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत सकाळच्या पाळीच्या वेळी जावे. तापी खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातून आलेली आपली माणसे येथे लूमवर राबत आली. आज रस्त्यांवर मोटारसायकलींची व रिक्षांची दाटी असते. पण मागील पिढीत दाराशी साखळीने बांधलेली काळी सायकल हीच कित्येक घरांची मोठी मिळकत होती.

अशीच एक सायकल आमच्या एका माजी विद्यार्थ्याने भंगारात देण्यापूर्वी आम्हांस दाखविली. वडिलांनी ती १९७१ साली जुनी म्हणून घेतलेली. घरात तिची ख्याती ‘विलायती रॅले’ अशी. मुलास जागेची अडचण. वडिलांचा हट्ट की, इंग्लंडची वस्तू किलोच्या भावाने जाऊ द्यावयाची नाही. गुरुजींनी काय ते ठरवावे, असे दोघांनीही मान्य केले.

जुनी सायकल ओळखावयाची तर आधी घासूनपुसून लख्ख करू नये. खुणा त्यातच जातात. हिचा पुढचा बिल्ला नाहीसा झाला होता, केवळ भोके उरली होती. चेनच्या मोठ्या चक्रात बगळ्याची आकृती होती. ती रॅलेची खूण खरी. पण चक्र बदलता येते, म्हणून साक्ष फ्रेमचीच घ्यावी. वरचा हिरवा रंग जेथे सुटला होता, तेथून आम्ही तो नखाने हळूहळू काढला. खाली मूळचा काळा रंग आणि त्यावर अर्धवट अक्षरे निघाली : ‘सेन-रॅले’.

म्हणजे सायकल विलायती नव्हे. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या सहकार्याने बंगालमध्ये आसनसोल येथे सेन-रॅलेचा कारखाना १९५०च्या दशकात चालू झाला. त्याच सुमारास मद्रासेकडे हर्क्युलिस, सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्यास हीरो, असे देशी सायकलींचे कारखाने उभे राहिले. आसनसोलचा कारखाना पुढे सरकारकडे गेला व कालांतराने बंद पडला.

हे वडिलांना सांगणे जड होते. पन्नास वर्षांचा अभिमान एका वाक्यात काढून घ्यावयाचा! ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, तिने मला कामावर कधी उशीर होऊ दिला नाही. आता दुरुस्त होईल का, तेवढे सांगा.”

ती दुरुस्त झाली, याचे कारणही तिचा साधेपणाच. तिचे २८ × १½ मापाचे टायर आजही मिळतात. गंजून बसलेल्या कॉटर पिना रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून सोडविल्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवून पायडल काढले. क्रँकचा आस उघडला, तेव्हा आतून वाळलेला गाळ पडला. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर शहरात शिरला, तेव्हा ही सायकल नदीकाठच्या खोलीत पाण्याखाली होती. छर्रे, ट्यूबा व ब्रेकचे रबर नवे घातले. मुलाला चकचकीत रंग हवा होता. आम्ही केवळ तेलाचा हात फिरवावयास सांगितले, कारण ती अर्धवट अक्षरे नव्या रंगाखाली गेली असती.

आता नातू तिच्यावरून दूध आणतो. आपल्याही माळ्यावर वा जिन्याखाली अशी एखादी सायकल असेल, तर भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी बिल्ला, चक्र आणि फ्रेमवरचा क्रमांक पाहून ठेवावा. आणि ती कोणी, कोणत्या कामासाठी घेतली, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्यावे.